जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला आरजीबी इनपुट देण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

जुळे सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मामांकडे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घेतलेला २१ इंची रंगीत टीव्ही होता. त्यांच्या घरी भिंतीवरचा नवा टीव्ही आल्यावर जुना भंगारात जाऊ नये म्हणून मी तो जुळे सोलापुरातील माझ्या घरी आणून ठेवला. पिक्चर ट्यूब अजून उत्तम आहे, पांढरा रंग खरोखर पांढरा दिसतो आणि अक्षरे कोपऱ्यांतही फाटत नाहीत. मागे पिवळे आणि पांढरे असे दोन एव्ही सॉकेट कंपनीनेच दिलेले आहेत. त्यांना मी सेगा मेगा ड्राइव्हचे दुसरे मॉडेल आणि प्लेस्टेशन २ हे व्हिडिओ गेमचे कन्सोल जोडतो. मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात विक्रीस आला, तेव्हा तो आमच्या घरी येणे शक्यच नव्हते. आता जुना का होईना पण हाती आला आहे, त्यामुळे त्याचे चित्र शक्य तितके चांगले दिसावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हेच खेळ मी नव्या टीव्हीवरही लावून पाहिले. तिथे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांत अंतर जाणवते, आणि चित्र ताणून मऊ केल्यासारखे दिसते. ट्यूबवर तो उशीर नाही, परंतु पिवळ्या पिनमधून येणाऱ्या चित्रात लाल रंग शेजारी पसरतो, बारीक अक्षरांच्या कडांवर ठिपके सरकत राहतात आणि गुणांचे आकडे वाचायला त्रास होतो. कन्सोल आतून लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग (म्हणजेच आरजीबी) स्वतंत्रपणे देतो, आणि टीव्हीच्या मुख्य चिपलाही तसे रंग घेण्याच्या पिना असतात, असे मी वाचले आहे.

प्लग काढून आणि बराच काळ जाऊ देऊन मी मागचे झाकण उघडले, मात्र कशालाही हात लावला नाही. बोर्डावर ५२ पायांची टीडीए ८३६२ आणि तिच्याजवळ १६ पायांची टीडीए ४६६१ ही चिप दिसली. या टीव्हीला आरजीबी इनपुट देता येईल का, ते सुरक्षितपणे कसे द्यावे, आणि त्यासाठीचे सामान सोलापुरातच मिळेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मला साधे सोल्डरिंग येते, मल्टीमीटर वापरता येतो, परंतु टीव्हीच्या आत काम करण्याचा अनुभव नाही.


नवी पेठ दुरुस्ती

आपण झाकण उघडूनही हात लावला नाही, हे फार चांगले केले. मी अनेक वर्षे टीव्ही दुरुस्तीच्या व्यवसायात आहे. चित्र कसे सुधारावे हे पुढे कोणीतरी सांगेलच, परंतु त्याआधी काही गोष्टी लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिला प्रश्न असा की टीव्हीचे ग्राउंड घरातील विजेपासून वेगळे केलेले आहे की नाही. पूर्वीच्या कित्येक टीव्हींमध्ये संपूर्ण चासिस थेट मेन्सशी जोडलेली असे. अशा टीव्हीला बाहेरून धातूचे सॉकेट बसवून त्यात कन्सोल लावला, तर कन्सोल आणि त्याला धरणारा माणूस दोघेही २३० व्होल्टशी जोडले जातात. आपल्या टीव्हीला कंपनीनेच एव्ही सॉकेट दिले आहेत, म्हणजे सिग्नलची बाजू वेगळी केलेली असणार. तरीही मोजून खात्री करा. प्लग भिंतीतून काढा, टीव्हीचे बटण चालू स्थितीत ठेवा, आणि पिवळ्या सॉकेटची बाहेरची कडी व प्लगची प्रत्येक पिन यांच्यामध्ये रोध मोजा. तो मेगाओममध्ये आला पाहिजे. काही ओम किंवा काही किलोओम दिसले, किंवा मीटरच्या डायोड रेंजवर डायोडसारखे वाचन आले, तर हा टीव्ही या कामासाठी घेऊ नका.

वेगळे ग्राउंड असलेल्या टीव्हीतही बोर्डावर दोन ग्राउंड असतात हे विसरू नका. ४०० व्होल्टचा मोठा कपॅसिटर ज्या बाजूला आहे ती बाजू मेन्सशी जोडलेलीच असते, आणि चालू टीव्हीत त्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा अधिक डीसी दाब असतो. आपल्या कामाची कोणतीही तार त्या बाजूच्या ग्राउंडला लागता कामा नये. ट्यूनर आणि एव्ही सॉकेट यांचे ग्राउंड हेच आपले ग्राउंड.

आता ट्यूबविषयी. २१ इंची रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे रबरी टोपीखालच्या धातूच्या जोडावर, साधारण २५ हजार व्होल्ट असतात, आणि टीव्ही बंद केल्यावरही ट्यूब कपॅसिटरप्रमाणे काही भार धरून ठेवते. बोर्ड बाहेर काढण्यापूर्वी तो भार उतरवावा लागतो. चांगल्या इन्सुलेशनच्या लांब स्क्रूड्रायव्हरच्या धातूच्या भागाला क्लिपची तार जोडायची आणि तारेचे दुसरे टोक ट्यूबच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या विणलेल्या तारेला लावायचे, बोर्डाच्या ग्राउंडला नव्हे. मग एक हात पाठीमागे ठेवून स्क्रूड्रायव्हरचे टोक रबरी टोपीखाली सरकवून आतील धातूला लावायचे. बहुधा 'चट्' असा आवाज येतो. काही मिनिटांनी हेच पुन्हा करायचे, कारण काचेत राहिलेला भार हळूहळू परत वर येतो. मोठा कपॅसिटर मात्र स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. दोन वायर लावलेला १०० वॅटचा साधा बल्ब त्याच्या टोकांना लावला की तो शांतपणे रिकामा होतो, आणि नंतर मीटर लावून तो शून्यावर आल्याचे पाहून घ्यायचे. डोळ्यांवर चष्मा असावा. ट्यूबच्या मानेला धक्का लागला तर आत हवा शिरते आणि ट्यूब कायमची जाते. मोठा तडा गेला तर काचेचे तुकडे उडतात.

हे सारे पहिल्यांदा करताना शेजारी एखादा जुना टीव्ही मेकॅनिक असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या शहरात असे लोक अजून आहेत आणि त्यांना असे काम दाखवले तर ते आनंदाने बसतात.


पंधरा किलोहर्ट्झ

आधीच्या प्रतिसादातील प्रत्येक वाक्य पाळावे अशी विनंती करून मी सर्किटकडे वळतो.

आपल्याला मिळालेली चिप या कामासाठी अतिशय अनुकूल आहे. टीडीए ८३६२ ही फिलिप्सची चिप चित्राची जवळजवळ सर्व प्रक्रिया एकटी करते आणि शेजारची टीडीए ४६६१ ही तिची पाल या आपल्याकडच्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीसाठी लागणारी डिले लाइन, म्हणजे सिग्नल एका ओळीपुरता मागे ठेवणारी चिप आहे. ८३६२ मध्ये बाहेरून आरजीबी घेण्याची सोय मुळातच आहे. २२ क्रमांकाची पिन लाल, २३ हिरवा आणि २४ निळा, तर २१ क्रमांकाची पिन 'आता आतले चित्र सोडून बाहेरचे रंग दाखव' असा आदेश घेते. तरीही तार जोडण्यापूर्वी डेटाशीट उतरवून घ्या आणि पायांची मोजणी चिपवरच्या खाचेपासून स्वतः करून पाहा.

पिवळ्या पिनमधून चित्र खराब का दिसते हे समजले तर पुढचे सगळे सोपे जाते. पाल पद्धतीत रंगांची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवून प्रकाशमानतेच्याच सिग्नलमध्ये मिसळलेली असते. टीव्हीला ती पुन्हा वेगळी काढावी लागते. त्या खटपटीत त्या वारंवारितेजवळचा बारीक तपशील कापला जातो, उरलेली रंगलहर कडांवर सरकत्या ठिपक्यांच्या रूपात दिसते, आणि रंगाला मिळणारी बँडविड्थ प्रकाशमानतेच्या मानाने फारच कमी असल्यामुळे लाल रंग शेजारी पसरतो. आरजीबीमध्ये रंग मिसळलेच जात नाहीत, म्हणून वेगळे काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता जोडणी. लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाची तार सॉकेटपासून बोर्डापर्यंत आणायची. बोर्डाजवळ तिच्यापासून सिग्नल ग्राउंडला ७५ ओमचा रेझिस्टर लावायचा आणि तेथून १०० नॅनोफॅरडच्या, म्हणजे ज्यावर १०४ छापलेले असते अशा कपॅसिटरमधून ती चिपच्या पिनला न्यायची. ७५ ओम टाळू नका. कन्सोलचा सिग्नल त्या भारावर ०.७ व्होल्ट मिळावा असा बेतलेला असतो. भार नसेल तर दाब दुप्पट होऊन पांढरे भाग फुलतात आणि कडांना सावल्या पडतात. कपॅसिटरही आवश्यक आहे, कारण काळ्या रंगाची पातळी चिप स्वतः त्याच्या मदतीने धरून ठेवते. आपल्या बोर्डावर या पिनांवर तसे कपॅसिटर आधीच असतील तर तेच वापरा.

२१ क्रमांकाच्या पिनवर १ ते ३ व्होल्टच्या दरम्यान दाब दिला की बाहेरचे रंग दिसू लागतात. युरोपातील टीव्हींना आरजीबी घेण्यासाठी असलेल्या स्कार्ट सॉकेटच्या १६ व्या पिनसाठीही हीच मर्यादा ठरलेली आहे. या पिनला थेट ५ व्होल्ट मात्र कधीही देऊ नका.

सिंकसाठी, म्हणजे प्रत्येक ओळ आणि चित्र कुठे सुरू होते हे टीव्हीला सांगणाऱ्या सिग्नलसाठी, वेगळे काही करण्याची गरज नाही. टीव्ही एव्हीवर ठेवायचा आणि कन्सोलचा कॉम्पोझिट (सर्व काही एकाच तारेत मिसळलेला) सिग्नल नेहमीप्रमाणे पिवळ्या सॉकेटमध्ये लावायचा. चिप त्यातून फक्त सिंक घेईल, रंग आरजीबीतून येतील. केबल हलकी असेल तर कॉम्पोझिटमधील चित्राची छाया आरजीबीच्या तारांत उतरते आणि सपाट रंगावर बारीक चौकटी दिसतात. तसे झाले तर मेगा ड्राइव्हचा स्वतंत्र सिंक वापरा. तो उच्च पातळीचा असल्यामुळे मार्गात ४७० ओमचा रेझिस्टर हवा, म्हणजे ७५ ओमच्या भारावर तो सुमारे ०.७ व्होल्टवर येतो. जे कन्सोल स्वतंत्र सिंक देत नाहीत त्यांच्यासाठी एलएम १८८१ ही आठ पायांची चिप कॉम्पोझिटमधून सिंक वेगळा काढून देते.

मेगा ड्राइव्हच्या दुसऱ्या मॉडेलच्या नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये निळा १ वर, ५ व्होल्ट २ वर, हिरवा ३ वर, कॉम्पोझिट ४ वर, सिंक ५ वर आणि लाल ७ वर असतो. या कन्सोलच्या केबलमध्ये प्रत्येक रंगाच्या तारेत २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा लागतो आणि त्याचे धन टोक कन्सोलकडे ठेवावे लागते.

तारेबाबत एक सूचना. जुन्या संगणकाच्या मॉनिटरची व्हीजीए केबल मिळवा. तिच्या आत तीन स्वतंत्र आवरणाच्या बारीक तारा लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठीच असतात, आणि त्या आपल्या कामाला नेमक्या योग्य आहेत. नवी पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बाकीचे सुटे भाग विचारा, केबल मात्र भंगारातूनच घ्या. तारेला व्हीजीए म्हटले म्हणून संगणकाचे व्हीजीए चित्र या टीव्हीला लावू नये. ते साधारण ३१ किलोहर्ट्झचे असते. आपला टीव्ही १५,६२५ हर्ट्झसाठी बनलेला आहे.


पूर्व भाग

वरील माहिती उत्तम आहे. माझा मुद्दा टीव्हीच्या प्रकृतीविषयी आहे, कारण आरजीबी बसवल्यावर टीव्हीचे सारे दोष अधिक स्पष्ट दिसू लागतात.

आमच्याकडे यंत्रमागांच्या शेजारच्या घरांतील टीव्ही उघडले की सुताच्या तंतूंचा थर बोर्डावर आणि एलओटीवर (ट्यूबसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) जमलेला आढळतो. पावसाळ्यात तो ओलावा धरतो आणि मग अॅनोडच्या टोपीजवळ चरचर आवाज येऊन ठिणग्या उडू लागतात. म्हणून भार उतरवून झाल्यावर प्रथम कोरड्या मऊ ब्रशने सर्व साफ करावे, टोपीभोवतीची काच आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि बंद पेटीतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षे त्या उष्णतेत वाळत राहतात. चित्र वरून किंवा खालून आखडले असेल, तर आधी व्हर्टिकल विभागातले कपॅसिटर बदलावेत.

त्यानंतर एलओटीवरची दोन बटणे पाहावीत. फोकसचे बटण टीव्ही चालू असताना, प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, अगदी थोडे फिरवून अक्षरे सर्वांत रेखीव दिसतील तिथे थांबवावे. कित्येकदा ज्याला आपण कॉम्पोझिटचा दोष समजतो त्यातला निम्मा भाग सरकलेल्या फोकसचा असतो. स्क्रीनचे बटण मात्र गरज नसताना फिरवू नये.

आणखी एक सांगायला हवे. आपल्याकडे मूळ बोर्ड बिघडला की त्या जागी सर्रास चायना किट, म्हणजे तयार चिनी बोर्ड, बसवले जाई. त्यामुळे दुसरा कोणी हे वाचून स्वतःच्या टीव्हीवर काम करणार असेल तर त्याने टीव्हीचे नाव आणि मॉडेल पाहून सर्किट शोधू नये. प्रत्यक्ष बोर्डावर कोणती चिप आहे तेच पाहावे. काही चिपमध्ये अक्षरांसाठीच्या पिना असतात पण त्या रंगाच्या छटा घेत नाहीत, केवळ रंग चालू किंवा बंद एवढेच ओळखतात, आणि तिथे हा सारा खटाटोप वाया जातो.


होटगी रोड

प्लेस्टेशन २ पुरते सांगायचे तर, २००० नंतरच्या अनेक सपाट पडद्याच्या ट्यूब टीव्हींना मागे हिरवे, निळे आणि लाल असे तीन कॉम्पोनंट सॉकेट डीव्हीडीसाठी दिलेले असत. तसा टीव्ही जुन्या बाजारात मिळाला तर झाकण न उघडता कॉम्पोनंट केबलने जवळजवळ आरजीबीच्या तोडीचे चित्र मिळते. कन्सोलच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कॉम्पोनंट व्हिडिओ आउटची निवड तेवढी बदलावी लागते. आपला टीव्ही आरजीबी घेऊ लागला की तीच निवड आरजीबीवर आणावी.

ज्यांच्याकडे पूर्वी बाजारात मिळणारे काडतुसांचे स्वस्त व्हिडिओ गेम आहेत त्यांनी या बदलाकडून अपेक्षा ठेवू नये. त्यांच्या एकाच चिपमधून थेट कॉम्पोझिटच बाहेर पडते, आत आरजीबी नसतेच.


जुळे सोलापूरकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. नवी पेठेतील काकांनी सांगितल्याप्रमाणे रोध मोजला. प्लगच्या दोन्ही पिनांशी तो मेगाओममध्येच येतो. आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकनी शेजारी बसण्याचे कबूल केले आहे, त्यामुळे पुढचे काम त्यांच्यासमोरच करीन. बोर्ड वरून तपासताना असे दिसले की रिमोटच्या मायक्रोकंट्रोलरकडून येणाऱ्या तीन तारा रेझिस्टर आणि कपॅसिटरमधून याच २२, २३ आणि २४ या पिनांना जातात, आणि एक तार २१ ला जाते. आवाजाची हिरवी पट्टी आणि चॅनेलचा आकडा तिथूनच येत असावा. मी तिथे माझ्या तारा जोडल्या तर ते आकडे जातील का? आणि मेगा ड्राइव्ह ६० हर्ट्झवर चालवला तर हा टीव्ही ते चित्र घेईल का?


पंधरा किलोहर्ट्झ

आपण बरोबर ओळखलेत. पडद्यावरची अक्षरे त्याच मार्गाने येतात आणि त्याच मार्गाचा आपण उपयोग करून घेणार आहोत. कपॅसिटरच्या अलीकडे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला, आपली तार आणि ७५ ओमचा रेझिस्टर जोडा.

असे केल्यावर अक्षरे मंद होतील. कन्सोल जोडलेला असताना आपले ७५ आणि कन्सोलच्या आतले ७५ मिळून भार सुमारे ३७.५ ओम होतो. अक्षरांना तिथे पूर्ण ०.७ व्होल्ट मिळायचे असतील तर ५ व्होल्टच्या तारेतला रेझिस्टर साधारण २३० ओमवर आणावा लागेल, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या प्रत्येक पिनमधून १८ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहील. तेवढा भार त्या जुन्या चिपवर टाकणे मला योग्य वाटत नाही, कारण ती गेली तर तिच्या आतल्या प्रोग्रॅमसह बदली मिळणे अवघड आहे. म्हणून मूळ रेझिस्टर तसेच ठेवून मंद अक्षरे स्वीकारावीत, किंवा मागे चार मार्गांचे छोटे स्विच बसवून एका वेळी एकच स्रोत जोडावा. मी स्वतः दुसरा मार्ग निवडीन. त्यात मूळ टीव्ही केव्हाही पूर्वस्थितीत येतो.

स्विच टाळायचे असेल तर २१ क्रमांकाच्या पिनसाठी १एन४१४८ चे दोन डायोड घ्या. एक मायक्रोकंट्रोलरच्या तारेत आणि दुसरा आपल्या तारेत, दोघांचीही पट्टीची बाजू चिपकडे, आणि पिनपासून ग्राउंडला काही किलोओमचा रेझिस्टर, म्हणजे दोन्ही बंद असताना पिन शून्यावर येईल. डायोडमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्च होतात हे इथे महत्त्वाचे आहे. स्कार्ट केबलमध्ये नेहमी वापरतात तसे ५ व्होल्टवरून १८० आणि ७५ ओमच्या विभाजनाने सुमारे दीड व्होल्ट घेतले, तर डायोडनंतर जेमतेम ०.८ उरतात आणि चित्र लुकलुकते किंवा येतच नाही. त्याऐवजी ४७० ओमचे दोन रेझिस्टर घेऊन अडीच व्होल्ट तयार करा, म्हणजे पिनवर १.८ च्या आसपास मिळतील. मायक्रोकंट्रोलरकडून येणारा दाबही डायोडनंतर मर्यादेत आहे ना, हे मीटरने पाहा.

६० हर्ट्झबाबत काळजी नसावी. ही चिप ५० आणि ६० हर्ट्झ दोन्ही ओळखते. आरजीबीमध्ये रंगाची वाहक लहर वापरलीच जात नसल्यामुळे टीव्हीत एनटीएससीची (अमेरिका-जपानमधील ६० हर्ट्झच्या रंगपद्धतीची) सोय आहे की नाही याला महत्त्व राहत नाही. सिंक जुळला की रंग आपोआप बरोबर येतात. चित्राची उंची थोडी बदलेल. आपल्याकडचा पाल मेगा ड्राइव्ह ५० हर्ट्झवर चालत असल्याने ६० हर्ट्झसाठी बनलेले आणि नंतर न सुधारलेले खेळ त्यावर सुमारे १७ टक्के संथ चालतात आणि वर-खाली काळे पट्टे दिसतात. हे दोन्ही कन्सोलकडून येते, टीव्हीत फेरफार करून ते जाणार नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. मेगा ड्राइव्हला एका वेळी ५१२ पैकी मोजकेच रंग दाखवता येत, म्हणून अनेक खेळांत धबधबे आणि सावल्या एकाआड एक उभ्या रेघांनी काढलेल्या आहेत. कॉम्पोझिटमध्ये त्या रेघा एकमेकींत मिसळून पारदर्शक दिसत. आरजीबीमध्ये त्या सुट्या दिसतील. तो दोष नाही. तसे खेळ मला अजूनही पिवळ्या पिनवरच आवडतात, म्हणून ते सॉकेट आणि त्याची जोडणी जशीच्या तशी राहू द्या.


नवी पेठ दुरुस्ती

रोधाचे वाचन वाचून समाधान वाटले. पहिल्यांदा वीज देताना टीव्ही सिरीज बल्बमधून, म्हणजे विजेच्या एका तारेत मध्ये साधा बल्ब घालून, लावा. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर लगेच बंद करून जोडणी तपासा. कन्सोल तेव्हा लावू नका. आधी टीव्ही एकटा, त्याच्या नेहमीच्या चित्रासह आणि अक्षरांसह बराच वेळ चालवून पाहा. नंतर कन्सोल फक्त पिवळ्या सॉकेटवर लावा आणि सर्वांत शेवटी आरजीबी द्या. तारा एलओटीपासून आणि गरम हीट सिंकपासून दूर बांधून घ्या, आणि सॉकेट झाकणाच्या प्लॅस्टिकला पक्के बसवा, म्हणजे केबल ओढली गेली तरी ओढ चिपच्या पायांवर येणार नाही. मेकॅनिकना काही शंका असेल तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे इथे टाका, मी पाहून सांगतो.